उजव्या पायाची वहाण

आग्र्याच्या हींग की मंडीतल्या एका घाऊक दुकानात गादीवर बसून मी बायकांच्या चपला बघत होते. माझा धाकटा दीर नागोराव शेजारी होता. त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला जाड कागद काढला आणि दुकानदारापुढं पसरायला घेतला. कागद अर्धाच उघडला होता, तरी मी ओळखला. आमच्या देव्हाऱ्यामागच्या पितळी डब्यात असतो तो. आमच्या गावच्या खंडोबाच्या वहाणेचं माप.

"हा इथं काऊन आणला?" मी विचारलं.

"मंग सांगतो, वहिनी."

"मंग नाई. आत्ता."

दुकानदार हसून म्हणाला, "माताजी, एक समोसा तो लीजिए." माझा सोमवार होता. दिवस मावळेपर्यंत मी पाण्याशिवाय काही घेत नाही, हे त्याला नागोरावानं आधी सांगून झालं होतं. पण तिथं पाहुण्याला रिकामं बसवत नाहीत, तो तरी काय करणार. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. मी नागोरावाकडं बघत होते.

तो कागदावरची सुरकुती तळहातानं सपाट करत म्हणाला, "पांडुरंगरावांनी सांगतलं. औंदा देवाची वहाण आग्र्याची."

मी उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. परक्या मुलखात, परक्या माणसापुढं घरचं भांडण काढायचं नाही, एवढं भान होतं. पण कानशिलं तापली होती. समोरून डोक्यावर बुटांच्या टोपल्या घेतलेली माणसं धावल्यासारखी जात होती. समोरच्या दुकानाच्या दारावर माणसाएवढा एक बूट टांगलेला होता, त्यावर कबुतरं बसली होती. आत नागोराव आणि तो दुकानदार काय बोलले, मी ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं मला.

आम्ही चांभार. माझे यजमान डोमाजी आणि त्यांचे वडील बेल्याजवळच्या आमच्या गावात वहाणा करत. शेतकऱ्याची वहाण, काळ्या मातीत, कापसाच्या पऱ्हाटीच्या खुंटावर टिकणारी. मग प्लास्टिकच्या चपला आल्या, लोकांनी आमच्या ओट्यावर यायचं सोडलं, आणि आम्ही आदिलाबादेत बसस्टँडच्या मागं चपलांचं दुकान टाकलं. दिवाळीआधी आणि लग्नसराईआधी आग्र्याला जायचं. बूट, सँडल, पट्टे, पाकिटं, लेडीज पर्स भरून आणायच्या. माल नागोराव बघतो. बायकांचा माल मी बघते, कारण एका वर्षी त्यानं उंच टाचांच्या सँडल आणल्या आणि आमच्या बायका त्या घालून शेताच्या वाटेला लागल्या, तर खुंटे ठोकल्यासारख्या त्या मातीत उभ्या राहिल्या. तेव्हापासून मी सोबत जाते.

सगळं बदललं तरी एक गोष्ट हातानंच होत होती. चंपाषष्ठीला खंडोबाला नवी वहाण. हातभर लांब, पुढं टोक वळलेली, पट्ट्याला लाल गोंडे. डोमाजी ती करत. आणि चंपाषष्ठीआधी पाच-सहा दिवस देवाचे घट बसले की ती वहाण घरची सून पायात घालून चालायची. देव रात्री घोड्यावरून उतरून शिवार फिरतो. नवं चामडं कडक असतं, ते चावतं. देवाच्या पायाला फोड येऊ नये म्हणून आधी आमच्या घरच्या बाईनं ते आपल्या पायानं मऊ करायचं. पायाला फडकी गुंडाळायची, पट्टे आवळायचे, आणि सकाळी आंघोळ करून, उपाशीपोटी, अंगणात नि टेकडीभोवती चालायचं. माझ्या सासूबाई चालत. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी चालते. पहिल्या वर्षी दोनदा तोंडावर पडले होते आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "पड माय, पन वहान नको सोडू."

चंपाषष्ठीला देवळाच्या पायरीवर वहाण उतरवायची. गुरव देवाजी परातीत हळद घेऊन उभा असायचा. तो वहाण उचलायचा आणि मी त्याच्या मागून आत जायची. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. इतर दिवशी आम्ही पायरीवरून हात जोडत असू. कायद्यानं दार सगळ्यांना उघडं होतं, कुणी आडवं येत नव्हतं. पण या म्हणतही नव्हतं.

परतीच्या गाडीत मी नागोरावाला धरलं. डब्यात गर्दी होती, मालाची नमुन्याची पिशवी मांडीवर होती.

"कोनाले विचारून कागद घेतला?"

"दादाले."

"ते काय म्हनले?"

"काई नाई म्हनले. दादा कदी काई म्हनते काय?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला.

"पांडुरंगराव काय म्हनले?"

पांडुरंगराव आमच्या गावचे. बेल्यात त्यांचं कापूस खरेदीचं दुकान. दोन वर्षांपासून देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. ते झाल्यापासून देवळाला फरशी बसली, पंखे लागले, दारावर त्यांच्या वडलांच्या नावाचा दगड लागला.

नागोराव खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते म्हनते, आता लांबलांबचे लोक येऊन राह्यले. हैद्राबादचे, नागपूरचे. घातलेली वहान देवाले देनं बरं दिसत नाई. कोरी पायजे. डब्यातली. त्यायच्या नावानं."

"अन् तुमाले काय देऊन राह्यले?"

त्यानं मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाला, "वसतिगृहाच्या पोरायचे बूट. सगळी ऑर्डर. त्यायची वळख हाय हापिसात."

"म्हंजे विकलं."

"काय विकलं, वहिनी?" तो एकदम वळला. नागोराव तसा माझ्याशी मोठ्यानं बोलत नाही. माझा आवाज इतका बारीक, की ऐकायला त्यालाच वाकावं लागतं, असं तो सगळ्यांना सांगत असतो. पण त्या दिवशी समोरचा म्हाताराही जागा झाला. "काय विकलं सांगा ना! मान? वर्सातून एक दिवस आत घेते, बाकी वर्सभर पायरीवर. त्या एका दिवसासाठी तुमी हातभर वहाना घालून बदकासारक्या चालता, अन् लोक ओट्यावर बसून हासते. मले शाळेत पोरं चिडवत होती. तुजी माय देवाची हमाल. तवा मी काय म्हनाचं? मान हाय आमचा?"

तो सगळंच खोटं बोलत नव्हता. पण अर्ध्या खऱ्या बोलण्याचा राग पूर्ण खोट्यापेक्षा वाईट असतो. मी एवढंच म्हटलं, "हासू द्या. देवाच्या पायाचं काय?"

"देवाचे पाय दगडाचे हायेत," तो म्हणाला, आणि लगेच कान पकडले.



घरी आल्यावर मी डोमाजींना विचारलं. ते दुकानाच्या मागच्या खोलीत कुणाच्या तरी बॅगेची चेन बसवत होते.

"अवो, तुमी कागद देला?"

"मागतला, देला."

"अन् औंदा वहान?"

"पांडुरंगरावायनं नाई म्हनून सांगतलं. करू नोको म्हनले."

"तुमाले काई वाटलं नाई?"

त्यांनी चेन वरखाली करून बघितली. "वाटून काय करू, प्रयाग? चामडं आनलं होतं दसऱ्याले. ठेवलं हाय तसंच." आणि ते कोपऱ्याकडं बघत राहिले. तिथं गोणपाटाखाली चामडं होतं. मला त्यांचाही राग आला. पण दोन भाकरी जास्त वाढल्या मी त्यांना त्या रात्री. राग कुणावर काढायचा याचाही काही नेम असतो.

लग्नसराईचा माल महिन्याभरानं आला. घट बसायच्या अगदी तोंडावर. ट्रान्सपोर्टवाल्यानं गठ्ठे दुकानापुढं टाकले. त्यात एक लांबट लाकडी पेटी होती. नागोरावानं ती स्वतः आत आणली, खिळे काढले, वरचं गवत बाजूला केलं. आत लालभडक मखमलीनं मढवलेली वहाण. सोनेरी जर, आरशाचे तुकडे, पुढं पितळेचा घुंगरू. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि पेटीत परत हात घातला. गवत काढलं. आणखी गवत काढलं. मग पेटी उलटी केली.

एकच होती. उजव्या पायाची.

"दुसरा नग मागून येत असंल," डोमाजी म्हणाले.

मी वहाण हातात घेतली. टाचेच्या मागं पितळेची एक कडी बसवलेली होती. भिंतीवर टांगण्यासाठी. तेव्हा मला त्या आग्र्याच्या गल्लीतला कबुतरांचा बूट आठवला, आणि काय झालं ते समजलं.

आमच्याकडं माप एकाच पायाचं असतं. उजवा पाय काढायचा, डाव्यासाठी कागद उलटा करायचा. आमच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही. नागोरावानं तोच कागद दिला. जोडी असं म्हणायची त्याला गरजच वाटली नाही. वहाण काय कुणी एक करतं? आणि आग्र्याच्या माणसाला वाटलं, हातभर लांबीचा एकच पाय काढून दिलाय, म्हणजे दुकानाच्या दारावर टांगायचा. ते तर एकच करतात. तिकडं देशभरचे दुकानदार तसे करून नेतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

मी हसले. मला आवरलंच नाही. नागोराव पेटीजवळ उकिडवा बसला होता, डोक्याला गवत लागलेलं, आणि मी तोंडाला पदर लावून हसत होते. देवा, माफ कर, पण त्या हसण्यातही रागच होता.

तो एसटीडीवर जाऊन आला. आग्र्याचा माणूस म्हणाला, बनवून देतो, पण पोचायला जत्रा होऊन जाईल.

दुसऱ्या दिवशी पांडुरंगरावांची जीप दुकानापुढं थांबली. ते आत आले, गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसले. मी चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला नाही; आमच्याकडं ते कधीच घेत नाहीत, मीही दरवेळी ठेवते.

"एकच आली म्हनते," ते म्हणाले. "हँडबिलं वाटून झाले. तेलगूतबी छापले. देवास सुवर्णजडित वहाणजोड, असं छापलं. अन् तुमी एक आनता?"

नागोराव उभाच होता. "चूक झाली, मालक."

"चूक. बरं. डोमाजी, डावी करून टाक. हिच्यासारखीच. मखमल, जर, आरसे, जे लागंल ते घे. कोनाले सांगाचं नाई. दोनी आग्र्याच्या म्हनू."

"जी," डोमाजी म्हणाले. आणि हात पुसून रापी शोधायला लागले. रापी म्हणजे आमची चामडं कापायची सुरी. ती त्यांच्या हाताखालीच होती, पण त्यांना दिसत नव्हती.

मी म्हटलं, "कोन चालंल?"

पांडुरंगरावांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. "वहान झाल्यावर कोन चालंल?"

"चालनार कोनी नाई. कोरी पायजे म्हनून तं हा सारा खटाटोप."

"नवी वहान चावते."

"प्रयागे," ते म्हणाले, आणि लहान पोराला समजावतात तसा हात हलवला, "आता ते दिवस राह्यले नाई. लोक शिकले. बाहेरून मोठी मोठी मानसं येऊन राह्यली. ते विचारते, हे वहान कोनी घातली होती? मी काय सांगू? चांभारनीच्या पायातली..."

ते थांबले.

"म्हना ना," मी म्हटलं. "थांबले काऊन? चांभारनीच्या पायातली. डोमाजीच्या हातची चालते. चोरून, रातच्याला केलेली, आग्र्याची म्हनून सांगतलेली, तेबी चालते. हातची चालते अन् पायातली चालत नाई. कोन्या शास्त्रात हाय हे? हात वेगळ्या जातीचे असते अन् पाय वेगळ्या?"

माझा आवाज चढला नव्हता. मला चढवता येतच नाही. मी दोन्ही हात गल्ल्यावर ठेवले.

"जीभ आवर," पांडुरंगराव म्हणाले.

"तीस वर्स आवरली. सासूबाईनं त्याच्या आंदी आवरली. दर चंपाषष्टीले पायाचे फोड घेऊन घरी येत होती ते बाई, अन् तुमच्या घरचे लोक पायरीवरून तिच्या पायावर पानी टाकून पाया पडत होते. तवा चांभारीन नव्हती ते? तुमची आई पडत होती. मी पायलं. आता फरशी बसली त डाग दिसाले लागले?"

"नागोराव," ते वळून म्हणाले, "घरच्या बाईले आवर घाल. नाईतर त्या बुटायच्या ऑर्डरीचं इसर. अन् हे प्रयागी..."

नागोराव भिंतीला टेकून उभा होता. डोक्यातलं गवत काढलं होतं, पण चेहरा अजून तसाच होता. तो म्हणाला, "प्रयागबाई म्हना, मालक."

"काय?"

"वहिनीले प्रयागबाई म्हना. आमच्या दुकानात बसून बोलून राह्यले तुमी."

मला वाटलं होतं तो माझ्यावर ओरडेल. पांडुरंगराव उठले. त्यांनी ती मखमलीची वहाण टेबलावरून उचलली आणि परत टाकली. आदळल्यावर घुंगरू वाजला.

"हे घेऊन जा," मी म्हटलं. "मागं कडी हाय पाहा. दारावर टांगाले केली त्यायनं. तुमच्या कापसाच्या दुकानावर टांगा. खाली तुमचं नाव लेहा."

ते गेले. बाहेर जीप सुरू झाली. मग डोमाजींनी कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं आणि चामडं बाहेर ओढलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पानी तापव. भिजवाले घालतो."

बुटांची ऑर्डर दुसऱ्या कुणाला तरी गेली. नागोराव जत्रेपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. जेवायला बसायचा, ताट सरकवायचा, उठायचा. त्यानं माझी बाजू घेतली होती आणि तिची किंमतही त्यालाच मोजावी लागली होती. मला ते कळत होतं. पण माफी मागावी असं काही मी केलं नव्हतं, आणि मागितली नाही.

वहाण उशिरा झाली. घट बसून गेले होते. मी गावी गेले, आणि पहिल्या सकाळी आंघोळ करून, पायाला फडकी गुंडाळून, पट्टे आवळून उभी राहिले. दरवर्षी आम्ही उजाडायच्या आत चालतो. अंगणात, मग मागच्या वाटेनं टेकडीभोवती, कुणाला फारसं दिसणार नाही असं. लाज म्हणून नव्हे, रीतच तशी. त्या वर्षी मी ऊन चांगलं वर येऊ दिलं. मग घराच्या पुढच्या दारानं निघाले आणि गावाच्या मोठ्या गल्लीतून चालायला लागले.

हातभर वहाणेचा आवाज होतो. खड्ड, खड्ड. पाय ओढत टाकावा लागतो. कडक चामड्यानं पहिल्या गल्लीतच अंगठ्याची कातडी सोलली.

मारुतीच्या पारावर बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "आली रे आली, बेल्याची मालगाडी!" बाकीचे हसले.

"चढता काय?" मी म्हटलं. "डबा रिकामाच हाय."

मी कधी उत्तर देईन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

गुरवाची बायको रुक्माबाई दारात शेण सारवत होती. माझ्याकडं बघून तिनं कंबरेवर हात ठेवले. "अवो प्रयागबाई, औंदा देव भर उन्हात फिराले निंगाला काय?"

"हो. रस्ता पाहून राह्यला. कोनाकोनाच्या दारावरून जाचं ते."

"आमच्या घरी निरोप हाय," ती हळू म्हणाली. "वहान घेऊ नोको म्हनून. पांडुरंगरावायनं नागपूरहून चांदीच्या पादुका आनल्या."

"माईत हाय."

"मंग काऊन चालून राह्यल्या?"

मी तिला काय सांगणार? मी म्हटलं, "चामडं कडक हाय." आणि पुढं गेले. पांडुरंगरावांच्या वाड्यापुढून गेले. त्यांच्या दारापुढं मी हळू चालले. रोज तशीच जात राहिले. बायका आधी पदराआडून बघत, मग दारात येऊन बघायला लागल्या. शेवटी शेवटी एका म्हातारीनं तांब्या आणला आणि माझ्या पायावर पाणी ओतलं. पाणी तांबडं झालं.

चंपाषष्ठीला डोमाजी आणि नागोराव दोघंही आले. नागोराव माझ्यापासून दूर, माणसांच्या घोळक्यात उभा राहिला. देवळापुढं मंडप, लाऊडस्पीकर. पांडुरंगराव पांढरा सदरा घालून आत उभे होते, शेजारी ताटात पादुका. मी चालत पायरीपर्यंत आले.

पायरीवर देवाजी नव्हता. परात नव्हती.

मी उभी राहिले. थोडा वेळ लोकांना वाटलं, तो येईल. मग कुजबुज सुरू झाली. लाऊडस्पीकरवर कोणीतरी पाहुण्यांची नावं वाचत होतं. ऊन डोक्यावर आलं. माझा उपास होता, डोळ्यापुढं पिवळं दिसायला लागलं. वहाण उतरवून ठेवावी आणि घरी जावं, असं एकदा मनात आलं. पायरीवर ठेवून गेले असते तर कोणीतरी रात्री उचलून फेकली असती. घरी परत नेली असती, तर छपराखाली खुंटीला टांगून राहिली असती, आणि पुढच्या वर्षी कोणी विचारलंही नसतं.

मी वहाण उतरवली नाही. पायरी चढले.

"अवो, अवो!" मागून आरडाओरडा झाला. "वहान घालून आत! बाई येडी झाली काय!"

एकानं माझा हात धरायला पुढं हात केला आणि मध्येच मागं घेतला. विटाळाच्या भीतीनं का देवाच्या, कोण जाणे. मी फरशीवर खड्ड खड्ड करत चालत राहिले. चकचकीत फरशी, पाय सरकत होता. पांडुरंगराव वाटेत आले.

"हे काय चाललं? वहान काढ!"

"माझ्या नाईत," मी म्हटलं. "ज्याच्या हायेत त्याच्याकडे घेऊन चालली. हटा."

ते हटले नाहीत. मी त्यांच्या अंगावरच गेले असते, खरंच. माझ्या अंगात काही आलं नव्हतं. लोक नंतर म्हणाले की वारं आलं होतं. त्यांना तसं म्हणणं सोपं वाटलं. मला स्वच्छ दिसत होतं. पांडुरंगरावांच्या सदऱ्याचं वरचं बटण निघालेलं होतं, तेसुद्धा दिसत होतं. मी पुढचं पाऊल टाकलं आणि वहाणेचं टोक त्यांच्या पायाला लागणार, तसे ते बाजूला झाले. घातलेली वहाण त्यांना लागू द्यायची नव्हती.

गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मी बसले. पट्टे सोडले. फडकी चिकटली होती, ओढावी लागली. उजवी वहाण, मग डावी. उंबरा ओलांडून हात लांब केला आणि दोन्ही देवाच्या पुढ्यात ठेवल्या. चांदीच्या पादुकांना जागा ठेवली होती, तिथंच. हात जोडले की नाही, मला आठवत नाही. एवढंच मनात आलं, की आता चावणार नाही.

देवाजी कोपऱ्यात उभा होता. सत्तरीचा माणूस, त्याचे ओठ हलत होते. त्यानं पांडुरंगरावांकडं बघितलं, मग वहाणेकडं. मग वाकून मूठभर भंडारा घेतला आणि वहाणेवर उधळला. मंडपातून कोणीतरी येळकोट केला. मग सगळ्यांनी केला. लाऊडस्पीकरवाल्याला काय बोलावं ते सुचलं नाही, तो पाहुण्यांची नावं परत पहिल्यापासून वाचायला लागला.

बाहेर आले तर नागोराव पायरीशी होता. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं.

"गाडी आनतो," तो म्हणाला. "चालू नोका."

"चालत जाईन मी."

"आनतो म्हनलं ना!" आणि तो चिडूनच बैलगाडी आणायला गेला.

रात्री डोमाजींनी माझ्या पायांना हळद-तेल लावलं. पांडुरंगराव कमिटी बोलावणार, दंड लावणार, देऊळ धुऊन घेणार, असं कोणी कोणी येऊन सांगून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली. बेल, फुलं, खोबऱ्याची वाटी ताटात घेतली. नागोराव दारात दात घासत होता.

"कुटं?"

"देवळात."

"काल जाऊन आल्या ना?"

"काल वहान होती. आज दर्शनाले जाऊन राह्यली."

त्यानं चूळ टाकली. घमेल्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं, गळ्यातला टॉवेल झटकला आणि माझ्या मागं यायला लागला. नंतर डोमाजीही आले, टोपी सरळ करत.

मंडप सोडत होते. बांबू आडवे पडले होते. पांडुरंगराव खुर्ची टाकून बसले होते, दोन माणसांना काही सांगत होते. मला बघून ते थांबले.

"आज कायचं?" त्यांनी विचारलं. "आज काई नाई. जत्रा झाली."

मी अनवाणी पायानं पायरी चढले. एक, मग दुसरी. फोड ठणकत होते. मागं दोन माणसांची पावलं होती. गाभाऱ्यात देवाजी दिव्यात तेल घालत होता. त्यानं आमच्याकडं बघून बाजूला सरकून जागा केली, आणि मी पुढं झाले.